खंदकावरच्या गप्पा

काकूंचं आणि माशीमांचं बिनसलं, तेही एका अंगाईवरून. तसं पाहिलं तर भांडण झालंच नाही. माशीमा खालच्या मजल्यावर नातवाला मांडीवर घेऊन झोपवत होत्या, खिडकी उघडी होती, आणि वर गच्चीत काकू कुरडयांची राखण करत बसल्या होत्या. बंगाली त्यांना पुरतं कळत नाही. पण 'बर्गी' हा शब्द कानावर पडला आणि बाई ताडकन उठून भिंतीशी आल्या.

आमच्या दोन गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. सियालदह स्टेशनासमोरून बहूबाजाराकडे वळलं की बैठकखान्याच्या मागे अशी अंगाला अंग लावून उभी असलेली जुनी घरं आहेत. आमचं बिऱ्हाड खानापूर तालुक्यातलं, गलाईवालं, म्हणजे सोनं गाळणारं. ह्यांची भट्टी बहूबाजारात. मूस, तेजाब आणि कोळशाचा धूर यात आमची तिसरी पिढी चाललीय. काकू नागपूरच्या. तिकडे शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या, मुलाची बदली रेल्वेच्या सियालदह विभागात झाली, म्हणून इकडे आल्या. मराठी बोलायला मिळावं म्हणून मी रोज अकराला त्या भिंतीवर कोपर टेकते. खोटं कशाला बोला, गल्लीतल्या चार उखाळ्यापाखाळ्या ऐकायलाही टेकते.

"ऐकलंस का गं," काकू म्हणाल्या, "आमच्या भोसल्यांच्या नावानं पोरं झोपवून राहिली ती बाई!"

"काकू, इथं सगळ्याच आया ती अंगाई म्हणतात. पोर झोपलं, पाडा निजला, बर्गी आले, असं काहीतरी आहे. पाखरांनी पीक खाल्लं, आता सारा कुठून भरायचा ही काळजीही आहे तिच्यात."

"पण बर्गी म्हणजे आपण ना?"

"आपणच."

"बाप्पा!" म्हणून त्या खालीच बसल्या. "आयुष्यभर मी पोरांना शिकवलं, रघूजी भोसल्यांनी बंगालपर्यंत दौड मारली. फळ्यावर नकाशा काढून बाण दाखवायची, नागपूर ते कटक, कटक ते बर्दवान. तो बाण ज्यांच्या घरात घुसला त्यांच्या गच्चीला गच्ची लावून राहीन, हे काही डोक्यात नव्हतं."

शब्द मात्र आपलाच. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा, बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं. पगारी माणूस तो. बारगीर हा शब्द मूळचा फारसी. आपण तो घासून मराठी केला आणि बंगाल्यांनी आणखी घासून त्याचा बर्गी केला. अडीचशेच्या वर वर्षं झाली, इथल्या पोरांना अजून तो झोप लावतो. एवढी नोकरी कुठल्या पगारी माणसानं केली नसेल.

विषय तिथंच संपला असता. पण रविवारी माझी लेक गच्चीत केस वाळवायला आली. तिचा कॉलेजात इतिहास आहे, इंग्लंडचा पेपर तोंडावर आलाय. ती एका हेरवर्ड नावाच्या माणसाविषयी सांगत होती आणि काकू कुरडई मोडून तोंडात टाकत ऐकत होत्या.

तिनं सांगितलं ते असं. १०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मंडीतून विल्यम आला, हेस्टिंग्जला लढाई मारली आणि इंग्लंडचा राजा झाला. आला तो आपले सरदार घेऊनच. जुन्या सॅक्सन घराण्यांच्या जमिनी काढून त्यांना वाटल्या. हा हेरवर्ड लिंकनशरकडचा. तरुणपणी उपद्व्यापी म्हणून देशाबाहेर काढलेला, तिकडे फ्लँडर्समध्ये भाडोत्री शिपाईगिरी करत होता. परत आला तर वडिलोपार्जित घर नॉर्मनांच्या ताब्यात. भावाचं मुंडकं दारावर टांगलेलं दिसलं, अशी गोष्ट सांगतात.

"म्हणजे वतन गेलेला वतनदार," काकू म्हणाल्या. त्यांचं असंच आहे. जगातली कुठलीही भानगड सांगा, त्या तिला वतन, भाऊबंदकी आणि चौथाई या तीन डब्यांपैकी एकात घालून झाकण लावतात. "मग तो काय करतो? एकट्यानं थोडाच लढतो. बाहेरचं कोणीतरी गाठतो."

"डेन लोक," लेक म्हणाली. "समुद्रावरून आलेले, लुटारूच. त्यांना बरोबर घेऊन १०७० मध्ये त्यानं पीटरबरोचा मठ लुटला. तिथं ट्युरोल्ड नावाचा नॉर्मन मठाधिपती १६० हत्यारबंद माणसं घेऊन यायला निघाला होता. हेरवर्डचं म्हणणं, सोनंनाणं त्याच्या हाती लागण्यापेक्षा आपण सांभाळू. पण मग विल्यमनं डेनांच्या राजाशी परस्पर बोलणी केली, आणि डेन सगळं सोनं गलबतांत भरून घरी गेले."

काकूंचा हात कुरडईवरच थांबला. "अगं, हा तर मीर हबीब!" त्या म्हणाल्या. "इथलाच आहे तो. आणि ते डेन कोण, माहीत आहे? आपण!"

मीर हबीबचं नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं. लेकीनंही नाही, आणि ती बंगालमध्ये शिकतेय. माशीमांना हाक मारून विचारलं, त्यांना भास्कर पंडित माहीत होता, अलीवर्दी माहीत होता, मीर हबीब म्हटल्यावर त्या "के?" एवढंच म्हणाल्या. मग काकूंनी जी सुरुवात केली ती दुपारचे दीड वाजेपर्यंत. मुलगा जेवायला ताटकळला. नागपूरची बाई, एकदा बोलायला लागली की मधे स्टेशन घेत नाही.

हा मीर हबीब इराणातल्या शिराझचा. हुगळी बंदरात आला तो फाटका. मुघल व्यापाऱ्यांच्या दारोदार जाऊन माल खपवायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणे, पण फारसी बोलायचा ती ऐकत राहावी अशी. तेवढ्या जिभेवर तो रुस्तुम जंगाच्या पदरी लागला. रुस्तुम जंग म्हणजे बंगालच्या नवाबाचा, शुजाउद्दीनचा जावई. तो ढाक्याला होता तेव्हा मीर हबीबनं त्याच्यासाठी त्रिपुरा जिंकून दिला. पुढे तो ओरिसाचा नायब झाला तर मीर हबीब त्याच्या हाताखालचा कारभारी. माल विकणारा पोऱ्या कटकच्या कचेरीत बसला.

आणि इथं विल्यमचा प्रवेश. बिहारचा नायब अलीवर्दी खान. ह्याला शुजाउद्दीननंच हाताला धरून वर आणलेलं. धनी १७३९ मध्ये वारला, त्याचा मुलगा सरफराज खान गादीवर बसला, आणि १७४० च्या एप्रिलात गिरियाच्या मैदानावर अलीवर्दीनं त्याला मारून मुर्शिदाबादची गादी घेतली. पुढच्या साली तो ओरिसावर चालून गेला. रुस्तुम जंग बालेश्वराजवळ हरला आणि दक्षिणेत पळाला. जुन्या घराण्याचे लोक एका झटक्यात रस्त्यावर.

"ज्याच्या घरी मीठ खाल्लं त्याच्याच पोराला मारलं," काकू म्हणाल्या. "विल्यम परवडला. तो निदान परका होता."

१७४२ मध्ये भास्करपंत कोल्हटकर आले. हे रघूजींचे दिवाण, माशीमांना माहीत असलेले भास्कर पंडित ते हेच. एप्रिलात बर्दवानपाशी त्यांनी अलीवर्दीला असं काही घेरलं की त्याच्या फौजेला खायला दाणा मिळेना. रडत-झगडत तो काटव्याला पोचला. त्या धामधुमीत मीर हबीब मराठ्यांच्या हाती लागला. आणि हाती लागलेला हा कैदी बघता बघता त्यांचा वाटाड्या, सल्लागार, कारभारी सगळं काही झाला. पावसाळा तोंडावर आला म्हणून भास्करपंत माघारी वळायच्या बेतात होते. मीर हबीब म्हणाला, मुर्शिदाबाद रिकामं आहे, चला. ६ मे रोजी थोडेसे घोडेस्वार घेऊन त्यानं राजधानी गाठली, जगतसेठाची कोठी लुटली, शहरात अडकलेल्या आपल्या भावाला सोडवून आणलं आणि अलीवर्दी पोचायच्या आत पसार.

"मठच तो," माझी लेक म्हणाली. "पीटरबरो."

"आणि मग हुगळी घेतली त्यानं. तीच हुगळी, जिथं हा दारोदार फिरला होता! आतल्या ओळखीच्या माणसांकडून रात्री दरवाजा उघडवला. इंग्रजांचं कलकत्ता तिथून किती लांब? लोकलनं जातो आपण तेवढं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, हे तुम्ही मोठ्या चवीनं सांगताय, पण माशीमांच्या माहेरी काय सांगतात तेही ऐका. त्यांचं माहेर बर्दवान जिल्ह्यातलं. बर्दवान, वीरभूम, मिदनापूर, सगळ्या पश्चिम बंगालचे विणकर आणि रेशीमवाले गाव सोडून गंगेपलीकडे पळाले. धानाची कोठारं जळाली. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलंय. पैसा कुठे आहे, हे विचारत माणसांचे हाल कसे केले आणि बायकांचं काय केलं, ते त्यात आहे. वाचवत नाही.

काकू गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की मला भीती वाटते, कारण मग त्या खरं बोलतात.

"चौथाई आपला हक्क होता असं आम्ही शिकवायचो," त्या म्हणाल्या. "छत्रपती शाहूंची सनद, वगैरे. विणकराच्या घरी सनद कोण वाचून दाखवते?"

त्या गंगारामाचं एक मला फार आवडलं. त्याची सुरुवात मराठ्यांच्या बाजूनंच आहे. पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून शंकरानं नंदीला शाहू राजाकडे धाडलं, म्हणून बर्गी आले. पण आले ते ब्राह्मण, वैष्णव, बाया, कोणालाच सोडेनात, तेव्हा देवीनं बाजू बदलली आणि ती नवाबाकडे गेली. एवढा निःपक्षपाती शेजारी आम्हाला ह्या गल्लीत अजून भेटलेला नाही.

देवीचा राग उगाच नव्हता म्हणा. भास्करपंतांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली होती. जमीनदारांकडून वर्गणी, मोठी मूर्ती, सगळा थाट. इकडे अलीवर्दीनं रातोरात होड्यांचा पूल बांधून नदी ओलांडली. पूल मधेच फाटला, त्याची माणसं बुडाली, तरी २७ सप्टेंबरच्या पहाटे तो छावणीवर येऊन आदळला. पूजा अर्धी टाकून सगळे पळाले. "विसर्जनाशिवाय!" हे वाक्य माशीमांनी खालून म्हटलं. म्हणजे त्या ऐकत होत्या. मराठी त्यांना येत नाही, पण दुर्गापूजेविषयी कोणी कुठल्याही भाषेत बोललं तरी त्यांना कळतं.

आता आमच्या सियालदहचं. मीर हबीब हुगळीत बसल्यावर कलकत्त्याची पाचावर धारण बसली. गावातल्या देशी लोकांनीच कंपनीकडे अर्ज केला की आम्ही आमच्या खर्चानं शहराभोवती खंदक खणतो. कंपनीच्या कौन्सिलानं २५,००० रुपये उसने दिले. बागबाजारपासून सुरू करून शहराला पूर्वेकडून वळसा घालत सात मैल जायचा होता. सहा महिन्यांत तीन मैल झाला. मराठे काही आले नाहीत, तसा लोकांचा उत्साहही संपला आणि उरलेला खंदक राहून गेला. वर्गणी काढून गटार अर्धवट सोडायची रीत तेव्हापासूनची दिसते. इथल्या गोऱ्यांना मात्र बाहेरचे लोक 'डिचर' म्हणजे खंदकवाले म्हणू लागले.

हा खंदक कधी कामाला आलाच नाही म्हणावं तर तसंही नाही. १७५६ च्या जूनमध्ये अलीवर्दीचा नातू सिराजउद्दौला कलकत्त्यावर आला. बागबाजारला त्याला अडवलं. मग फौज पूर्वेकडच्या बाजूनं शहरात शिरली, कारण खंदक काही सगळीकडून नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत क्लाइव्हनं पहाटेच्या दाट धुक्यात सिराजच्या तळातून कूच केलं ते ह्याच भागात, सियालदहच्या बाजूनं. १७९९ मध्ये खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आताचा आचार्य प्रफुल्लचंद्र रोड तो हाच. म्हणजे राणाघाट लोकलमधून उतरून जो तो मधाच्या पोळ्यातून सुटल्यासारखा रस्ता ओलांडतो ना, तो आपल्याच भीतीवरून चालत असतो.

काकूंना तो खंदक बघायचाच होता. मी म्हटलं, काही उरलेलं नाही. ऐकतील तर काकू कसल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. कोले मार्केटातून पडवळाच्या पाट्या डोक्यावर घेऊन हमाल पळत होते, पूल वर घोंघावत होता. काकू फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या, चपलेच्या टाचेनं दोनदा जमीन दाबून पाहिली. पेरूवाला बघत राहिला. त्याला वाटलं म्हातारीचं नाणं पडलं. त्यानंही वाकून शोधलं.

"इथं पूर्वी दलदल होती ना गं?" काकूंनी विचारलं.

होती. पूर्वेला खारं पाणी, मधून एक उंच बांधासारखा रस्ता शहरात यायचा. शियाल म्हणजे कोल्हा. कोल्ह्यांचं डीह ते सियालदह, असं लोक सांगतात. घरी आल्यावर लेकीला हे सांगितलं तर ती पेपराची वही घेऊनच आली. हेरवर्डचा शेवटचा तळ होता ईलीला. ईली म्हणजे वामांचं बेट, ते सापासारखे लांब मासे असतात ना, ते. चहूकडे दलदल, मधे बेट, त्यावर मठ. १०७१ मध्ये विल्यमनं तिथं पोचायला लाकडं, दगड, फुगवलेली कातडी टाकून दलदलीवर रस्ता बांधला. त्यावर फौज चढली आणि रस्ता माणसांसकट खचला. मग त्यानं लाकडी मनोऱ्यावर एक चेटकीण बसवली, शिव्याशाप द्यायला. हेरवर्डच्या लोकांनी बोरूच्या रानाला आग लावून दिली आणि मनोरा चेटकिणीसकट गेला. एवढं सगळं करून शेवटी बेट पडलं ते कशामुळे? मठाच्या भिक्षूंना आपल्या जमिनी वाचवायच्या होत्या. त्यांनी विल्यमला वाट दाखवली. हेरवर्ड दलदलीतून निसटला.

"आपल्याकडे खंदक अर्धा राहतो, तिकडे रस्ता बुडतो," काकू म्हणाल्या. "कंत्राटदार एकच दिसतो."

आता पुण्याचा विषय निघणार हे मला माहीत होतं. नागपूरच्या माणसाला इतिहास सांगताना पुण्याला एक टोमणा मारल्याशिवाय जेवण पचत नाही. १७४३ मध्ये रघूजी भोसले स्वतः बंगालवर आले. त्याच वेळी नानासाहेब पेशवेही फौज घेऊन आले. कशाला? अलीवर्दीच्या मदतीला! अलीवर्दीनं शाहू महाराजांना चौथाई कबूल केली, पेशव्यांना फौजेचा खर्च म्हणून २२ लाख दिले, आणि पेशव्यांनी रघूजींना बंगालबाहेर हुसकावलं. त्याच वर्षी शाहू महाराजांनी दोघांना समोर घेऊन वाटणी करून दिली आणि बंगाल-ओरिसा भोसल्यांच्या पदरात टाकला. मीर हबीब ह्या कागदावर कुठेच नाही.

"डेन आणि विल्यम," माझी लेक म्हणाली.

"मी म्हटलं नाही तुला? डेन म्हणजे आपणच. ज्याचं घर गेलं तो आपल्याला बोलावतो, त्याला घर हवं असते. आपल्याला काय हवं असते ते आपण त्याला विचारून थोडंच ठरवतो."

भास्करपंतांचा शेवट मला काकूंनी फार हळू आवाजात सांगितला. ३१ मार्च १७४४. मनकऱ्याला तंबू उभारला होता, चौथाईची बोलणी करू म्हणून बोलावणं आलं. गंगाजल, तुळस हातात घेऊन शपथा झाल्या. भास्करपंत वीस-एकवीस सरदार घेऊन आत गेले. अलीवर्दीनं खूण केली, पडदे उचलले आणि आतल्या माणसांनी सगळ्यांना कापून काढलं. रघूजी गायकवाड तेवढा बाहेर राहिला होता, तो फौज घेऊन निसटला. आमची कोल्हटकरांची आळी सांगलीतही आहे, तिचा याच्याशी काही संबंध नसेल. पण ते ऐकल्यावर मला उगाच तिथली तुळशीवृंदावनं आठवली.

त्यानंतर सात वर्षं. रघूजी सूड घ्यायला आले, १७४५ मध्ये कटक घेतलं. अलीवर्दीचे अफगाण सरदार त्याच्यावरच उलटले. मीर हबीब कधी कटकात, कधी मिदनापुरात, कधी जंगलातून वाट काढत पाटण्याच्या बाजूला. म्हाताऱ्या नवाबाला त्यानं पळवलंच पळवलं. सत्तरीच्या पुढचा माणूस दरवर्षी पावसाळा संपला की घोड्यावर. शेवटी दोघंही दमले. १७५१ चा तह झाला. अलीवर्दीनं दरसाल १२ लाख चौथाई द्यायची, मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही. आणि मीर हबीब? तो ओरिसाचा नायब. पण कोणाचा नायब? कागदावर अलीवर्दीचा! दहा वर्षं ज्याच्याशी लढला त्याचाच नोकर, आणि वसूल जमा करून शिल्लक पाठवायची नागपूरला.

ह्यांना रात्री जेवताना हे सांगितलं. हे तीस वर्षं भट्टीपुढे बसलेत, बोलतात कमी. भाकरी मोडत म्हणाले, "तेजाबासारखं झालं त्याचं. खोट काढायला आणायचं. सोनं निघालं की ओतून द्यायचं."

आणि दुसऱ्या वर्षी तसंच झालं. १७५२ मध्ये रघूजींचे चिरंजीव जानोजी ओरिसात आले, मीर हबीबला वसुलाचा हिशेब मागितला, आणि छावणीत बोलावून त्याला अडकवून ठेवलं. त्यानं तलवार उपसली, बाहेर पडायला गेला आणि तिथंच मारला गेला. भास्करपंत शत्रूच्या तंबूत मेले, हा आपल्या माणसांच्या.

लेकीचं म्हणणं, हेरवर्ड कसा मेला ते दोन तऱ्हेनं सांगतात. एकात विल्यमशी समेट होऊन त्याला जमिनी परत मिळतात, दुसऱ्यात नॉर्मन त्याला जेवताना गाठून मारतात. लोकांना जो हवा तो घेता येतो. त्याच्यावर लॅटिनमधे पोथी झाली आणि १८६६ साली चार्ल्स किंग्सलेनं कादंबरी केली. तिथून इंग्लंडच्या पोरापोराला तो माहीत झाला. पीटरबरोच्या लुटीचं म्हणाल, तर ती 'सोनं सांभाळण्यासाठी' होती असं अजून सांगतात.

"आपला मीर हबीब असा कोणाच्याच पुस्तकात का नाही?" मी विचारलं.

"कोणाचा म्हणून असेल?" काकू म्हणाल्या. "बंगालला वाटते तो बर्ग्यांचा. आम्हाला वाटते तो नवाबाचा. इराण तर तो सोडूनच आला. आणि बाई, खरं सांगू? ह्यानं विणकरांची घरं जाळली, तशी हेरवर्डनं जाळली नसतील असं नाही. पण त्याच्याकडे भिक्षू होते लिहायला. ह्याच्याकडे नुसती जीभ होती, अन् ती मेल्यावर गेली."

परवा आम्ही दोघी बागबाजारला जाऊन आलो. तिथं एक गल्ली आहे, मराठा डिच लेन. आख्ख्या कलकत्त्यात खंदकाची राहिलेली खूण म्हणाल तर ती गल्लीची पाटी. काकूंनी पिशवीतून चष्मा काढला, पाटीवरचं नाव वाचलं, परत वाचलं. मग पदरानं चष्मा पुसून ठेवला आणि म्हणाल्या, चल, रसगुल्ला कुठे मिळतो ते दाखव.

रसगुल्ल्याची एक हंडी आम्ही माशीमांसाठी आणली. काकू स्वतः खाली घेऊन गेल्या. भिंतीवरून मी ऐकत होते. आतून मधूनच नातवाचं रडणं, माशीमांचा आवाज, आणि काकूंचं मोडकंतोडकं बंगाली. अंगाईत बर्गीच्या पुढे काय येतं ते त्या विचारून घेत होत्या.

मीर हबीबनं ज्यासाठी एवढं केलं ते कटक त्याला तहानंतर जेमतेम एक वर्ष मिळालं. नागपूरकरांकडे ते त्याच्यामागे ५१ वर्षं राहिलं. १८०३ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी घेतलं.